अराजकवादी कोणाला म्हणावे?

मोर्चात दगडफेक झाली किंवा एखाद्या विद्यापीठात परीक्षा उधळल्या गेल्या, की सत्तारूढ पक्षाचा प्रवक्ता 'हे अराजकवादी आहेत' असे म्हणून मोकळा होतो. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल रेल भवनाजवळ धरणे धरून बसले, तेव्हा त्यांनी ही पदवी आपण होऊन स्वीकारली. लोकरंजक अराजक हा शासनाचा पर्याय होऊ शकत नाही, असे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला सुनावले. या वादात एक गंमत दुर्लक्षित राहिली. धरणे होते ते दिल्लीचे पोलीस राज्य सरकारच्या हाती यावेत यासाठी! पोलीस खाते मागणारा अराजकवादी ही व्यक्ती या विचाराच्या आद्य प्रवर्तकांना ओळखताही आली नसती.

दोष काही अंशी आपल्या शब्दाचाच आहे. 'अराजक' म्हणजे राजा नसलेला प्रदेश. दशरथाच्या मृत्यूनंतर अशा प्रदेशाची दैना वाल्मीकींनी विस्ताराने वर्णिली आहे, आणि बेबंदशाहीचा तो अर्थच आपल्या कानांत बसला आहे. शांतिपर्वात मात्र राजा, राज्य व दंड यांपैकी काहीच नव्हते आणि लोक धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत, अशा आदिकाळाचेही स्मरण आहे. ही स्थिती पुढे मोहामुळे ढळली, हे खरे. पण राजा नाही म्हणजे व्यवस्था नाही, हे समीकरण आपल्या परंपरेलाही सर्वस्वी मान्य नव्हते.

युरोपातही हा शब्द प्रथम शिवी म्हणूनच वावरला. फ्रेंच राज्यक्रांतीत प्रतिपक्षाला बदनाम करण्यासाठी तो सर्रास वापरला जाई. १८४० मध्ये प्रूधाँ या मुद्रकाने तो स्वतःस लावून घेतला. श्रम न करता केवळ मालकीच्या जोरावर खंड व व्याज घेण्यास त्याचा विरोध होता; कष्टकऱ्याच्या ताब्यातील जमीन वा हत्यारे काढून घेण्याची त्याची इच्छा नव्हती. क्रपॉटकिनने १९०२ च्या ग्रंथात परस्पर साहाय्य हा उत्क्रांतीतील एक प्रमुख घटक असल्याचे दाखविले. या मंडळींना व्यवस्था हवी होती, परंतु दंडुक्याने लादलेली नव्हे. त्यांच्यातील काहींनी बाँब व पिस्तूल जवळ केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांचा बळी अशाच एका हाताने घेतला. पण त्यापूर्वी, १८८६ मध्ये, शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब कोणी टाकला हे सिद्ध न होताही आठ जण दोषी ठरले व चौघे फासावर गेले. त्यांचा खरा अपराध मते हा होता. हयात असलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्यपाल ऑल्टगेल्ड यांनी माफी दिली, तेव्हा खटलाच अन्याय्य असल्याचे त्यांनी स्पष्ट नमूद केले.

हिंदुस्थानात इंग्रज सरकारने हेच नाव क्रांतिकारकांना चिकटवले. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालाचा आरंभ महाराष्ट्रापासून, चापेकर बंधूंपासून होतो. आणि पुढील वर्षीच्या काळ्या कायद्याच्या अधिकृत नावातच 'अराजकी व क्रांतिकारक गुन्हे' असे शब्द होते. वस्तुतः या तरुणांना राज्यसंस्था नको नव्हती. परक्यांची नको होती. परंतु 'स्वातंत्र्य मागणारे' असे म्हटले की त्यांच्या मागणीला उत्तर द्यावे लागते. 'अराजकवादी' म्हटले की चौकशीविना डांबणे पुरते.

हा डाव गांधीजींनी ओळखला असावा. ६ फेब्रुवारी १९१६ रोजी काशी हिंदू विद्यापीठाच्या समारंभात, संस्थानिकांच्या समोर, आपणही अराजकवादी आहोत, पण वेगळ्या जातीचे, असे ते बोलून गेले. ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबविले आणि भाषण अपुरेच राहिले. पुढे काशीत आलेल्या विनायक भावे या तरुणाच्या कानी ते पडले. जून महिन्यात तो कोचरबच्या आश्रमात दाखल झाला.

घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रहासह सर्व असांविधानिक मार्गांना अराजकाचे व्याकरण म्हटले. घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर असे मार्ग सोडले पाहिजेत, हा त्यांचा आक्षेप पद्धतीला होता, आणि तो विचारपूर्वक होता. प्रवक्त्यांच्या तोंडी मात्र पद्धत, मत आणि माणूस यांचा एकच गोळा होतो.

विनोबांनी व सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांनी या विचारासाठी 'शासनमुक्त समाज' असा शब्दप्रयोग रूढ केला होता. तो मराठीत आजही उपलब्ध आहे. दगडफेकीसाठी 'दगडफेक' हा शब्द तर होताच.