‘रक्त कमी’ या निदानाच्या पलीकडे : सिकलसेल आणि गरोदरपण

सिकलसेल हा आजार महाराष्ट्रात प्रामुख्याने विदर्भ, नंदुरबार-धुळे आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्याशी जोडला जातो. त्यामुळे सातारा-सांगलीकडे एखाद्या गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी आढळले, तर त्याचे कारण लोहाची कमतरता हेच गृहीत धरले जाण्याचा संभव अधिक असतो. परंतु लग्न, नोकरी आणि हंगामी मजुरी यांमुळे माणसे जिल्हे ओलांडतात, त्यांच्याबरोबर त्यांचे आनुवंशिक आजारही येतात, आणि म्हणून कृष्णाकाठच्या दवाखान्यांनाही या आजाराची ओळख असणे आवश्यक ठरते.

हिमोग्लोबिन या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या रचनेतील एका लहानशा बदलामुळे, प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी लवचिकपणा गमावून विळ्याच्या आकाराच्या होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते, आणि त्यामुळे रक्त सतत कमी राहते. शिवाय ताठर पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, छाती व पोट यांत असह्य वेदना उठतात. भारतातील बहुतेक रुग्णांत गर्भातील बाळाच्या रक्तात असणारे हिमोग्लोबिन जन्मानंतरही तुलनेने जास्त टिकून राहत असल्याने काहींचा आजार सौम्य असतो, आणि तो प्रथमच लक्षात येतो तो गरोदरपणात.

गरोदरपणात शरीराची रक्ताची गरज वाढते, आणि अशा वेळी वेदनेचे झटके, न्यूमोनिया व लघवीमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, तसेच रक्तदाब वाढून मूत्रपिंड व यकृतापर्यंत परिणाम पोहोचवणारी प्री-एक्लॅम्प्सिया ही अवस्था, हे सारे धोके वाढतात. वारेकडे रक्त पुरेसे न पोहोचल्यास बाळाची वाढ खुंटते किंवा प्रसूती अकाली होते. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2025 मध्ये या विषयावरील आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करताना, सिकलसेल असलेल्या स्त्रियांतील मातामृत्यूची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा 4 ते 11 पटींनी अधिक असल्याचे नमूद केले. हे आकडे घाबरवणारे असले, तरी वेळेवर देखरेख मिळालेल्या अनेक स्त्रिया सुखरूप बाळंत होतात, हेही तितकेच खरे आहे.

तांबड्या पेशी सतत नव्याने तयार कराव्या लागत असल्याने फॉलिक ॲसिड अत्यावश्यक असते. लोहाच्या गोळ्या मात्र शरीरातील लोहाचा साठा तपासूनच ठरवाव्यात, कारण वारंवार रक्त चढवलेल्या स्त्रीच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. सिकलसेलवरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असल्यास गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा, भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत, आणि ताप, धाप किंवा छातीत दुखणे हे लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे. रक्त केवळ आकडा कमी आहे म्हणून चढवायचे नसते, तर गरज पाहून व काटेकोर जुळणी करूनच द्यायचे असते. नैसर्गिक प्रसूती शक्य असते, परंतु ती रक्तपेढी, भूलतज्ज्ञ व नवजात शिशूंचा कक्ष असलेल्या ठिकाणी व्हावी, आणि सातारा, कराड, सांगली व मिरज येथील मोठी रुग्णालये त्यासाठी आधीच निश्चित केलेली असावीत.

या साऱ्याची सुरुवात मात्र एका साध्या तपासणीने होते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर तपासणी व समुपदेशनावर आहे. सोल्युबिलिटी चाचणीत संशय आल्यास हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे पृथक्करण करून, स्त्री केवळ वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित करता येते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून पतीची तपासणीही तितकीच महत्त्वाची ठरते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. गरोदर स्त्रीची नोंदणी होताना तपासणीतही जोडप्याला असेच एकत्र धरले, तर आजाराचा भार आणि त्याचा दोष एकट्या बाईच्या माथी येणार नाही.