घाटचढाईची मोटार-शर्यत

शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता प्रथम सपाट, काळ्या जमिनींतून जातो आणि पुढें सातपुड्याच्या अंगावर चढूं लागतो. तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ३,७७० फूट उंच आहे. 'सात पायरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घाटांत रस्ता वळशांवर वळसे घेत वर जातो. वरून पाहिलें तर त्याचे पदर एकाखालीं एक पडलेले दिसतात. असा चढ दिसला कीं तरुण चालकाच्या मनांत एकच प्रश्न उभा राहतो : हा किती वेळांत चढतां येईल? याच प्रश्नांतून मोटारींच्या एका जुन्या खेळाचा जन्म झाला.

या शर्यतींत मोटारी एकमेकींचा पाठलाग करीत नाहींत. रस्ता रहदारीस पूर्ण बंद असतो, एका वेळीं एकच गाडी सुटते, आणि तिची लढत घड्याळाशीं असते. फ्रान्समध्यें नीसहून ला तुर्बीपर्यंत अशी चढाई १८९७ सालींच झाली. इंग्लंडांत शेल्सली वॉल्श येथें मिडलँड ऑटोमोबाइल क्लबनें १२ ऑगस्ट १९०५ रोजीं पहिली शर्यत भरविली. ती जागा आजहि वापरांत आहे. तेथील चढाई अवघी १,००० यार्डांची, म्हणजे तोरणमाळच्या घाटाचा एक लहानसा तुकडा! पण सर्वांत उभ्या जागीं दर सहा फुटांस जवळजवळ एक फूट चढ आहे.

एवढा चढ म्हणजे काय, हें हिशेबानेंच पाहावें. एक हजार किलो वजनाची गाडी तेथें उभी केली तर सुमारें १६० किलोंचा भार तिला सतत मागें ओढतो. गाडी सहाशें किलोंची केली तर तीच ओढ शंभरांच्या आंत येते. म्हणून स्पोर्ट्स गाडी या खेळासाठीं तयार करणारा जाणता हौशी माणूस प्रथम इंजिनाला हात घालीत नाहीं. जादा बैठका, गालिचे, जड कांचा, जें जें चढावर उपयोगी नाहीं तें तो काढून टाकतो. फुकट मिळणारी शक्ति ती हीच. मग गिअरांचें प्रमाण बदलून तो चाकांचा जोर वाढवितो. सपाटीवरचा कमाल वेग त्यानें घटतो, पण येथें त्याची गरजच पडत नाहीं. चढावर गाडीचें वजन मागें झुकतें, म्हणून मागच्या चाकांनीं ढकलणारी गाडी सुटतांना चांगली पकड घेते. तरीहि चाकें जागच्या जागीं फिरूं नयेत म्हणून मागील शतकाच्या चवथ्या दशकांत कित्येकांनीं मागें जोडचाकें लावलीं. आपल्या मालमोटारींस असतात तशींच तीं.

उंचीचाहि एक अडथळा आहे. हवा विरळ होत जाते तसा साध्या इंजिनाचा दम कमी पडतो. दर हजार फुटांस सुमारें तीन टक्के शक्ति जाते. तोरणमाळपर्यंत हा तोटा दहाव्या हिश्शाएवढा होईल. अमेरिकेंतील पाइक्स पीकचें शिखर १४,११५ फूट उंच आहे, तेथें तर इंजिन अक्षरशः धापा टाकतें. त्या डोंगरावर १९१६ पासून शर्यती होत आल्या असून मार्गावर १५६ वळणें आहेत. २०१८ सालीं रोमँ द्युमा यानें विजेवर चालणारी फोक्सवॅगन आठ मिनिटांच्या आंत वर नेली. विजेच्या यंत्रास श्वासच घ्यावा लागत नाहीं!

तथापि या खेळाचें खरें रूप बड्या कारखान्यांच्या गाड्यांत नसून बॅसिल डॅव्हनपोर्टसारख्या हौशी गृहस्थांत दिसतें. जी. एन. नांवाची एक हलकी मोटार त्यानें आणखी हलकी करून घेतली आणि तिला 'स्पायडर', म्हणजे कोळी, असें नांव दिलें. तिचीं मागचीं चाकें साखळ्यांनीं फिरत. प्रत्येक गतीला वेगळी साखळी असल्यामुळें दांतेरी चक्र बदललें कीं गिअरचें प्रमाण बदले. सायकल दुरुस्त करणाऱ्यास हें लगेच उमगेल. शेल्सलीस १९०५ सालीं सर्वांत जलद गाडीला ७७.६ सेकंद लागले होते. डॅव्हनपोर्टनें १९२६ सालीं तीच टेकडी ४८.८ सेकंदांत चढून पन्नासाची मर्यादा मोडली. १९३० सालीं हान्स स्टुक हा नामांकित चालक ऑस्ट्रो-डाइमलर घेऊन आला व त्यानें ४२.८ सेकंदांचा विक्रम केला. पण तोंवर त्या कोळ्यानें मोठमोठ्या गाड्यांना मागें टाकलें होतें.

हें वाचून कोणी आपल्या घाटांत हा प्रयोग करूं नये. जानेवारी २०२१ मध्यें तोरणमाळजवळच्या खडकी घाटांत मजुरांना घेऊन जाणारें वाहन दरींत कोसळलें आणि कित्येक जीव गेले. तीं माणसें पोटासाठीं निघालीं होतीं. शर्यतीशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. त्याच वळणावर समोरून एखादा हौशी वीर आला तर काय होईल, याचा विचार करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें राज्य सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा गुन्हा आहे. रीतसर शर्यतींत प्रत्येक अवघड वळणावर निशाणवाला उभा असतो, रुग्णवाहिका तयार असते, आणि चालक आदल्या वेळीं सारा मार्ग पायीं चालून पाहतो. खडी कोठें सुटली आहे, पाणी कोठें पाझरतें, हें पायांनाच कळतें.

शेल्सलीस आणखी एक रीत आहे. वर पोंचलेली गाडी लगेच खालीं येत नाहीं. गट पूर्ण होईपर्यंत सर्व स्पर्धक माथ्यावर थांबतात, आणि मग ज्या रस्त्यावर सेकंदाच्या अंशासाठीं झुंजले त्याच रस्त्यानें रांगेंत, अगदीं सावकाश, उतरतात.