पहिल्यापासून पुढे

घोड्यांच्या शर्यतीत सर्वांत उघडा डाव कोणता, तर दरवाजे उघडताच पुढे निघायचे आणि शेवटच्या खांबापर्यंत कुणाला शेजारी येऊ द्यायचे नाही. मागून येणाऱ्या घोड्याला बरेच आधार असतात. वारा पुढचे घोडे अडवतात, वेग किती ठेवायचा याची चिंता पुढचा जॉकी करतो, आणि कुणावर कधी झेप घ्यायची हे मागच्याला डोळ्यांनी दिसत असते. पुढच्याला यातले काहीच मिळत नाही. त्याच्यासमोर फक्त मोकळा ट्रॅक असतो आणि मागे टापांचा आवाज. तो चुकला तर सगळ्या मैदानासमोर चुकतो. म्हणून क्लासिक शर्यतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून, तेही मोठ्या अंतराने जिंकणारे घोडे लोकांच्या आठवणीत वेगळे बसतात. त्यांतला सर्वांत मोठा विजय १९७३ च्या बेलमाँट स्टेक्समधला, हे जवळजवळ सर्वमान्य आहे. पण त्याचे मोठेपण कळायला इतर आघाडीवीर कसे जिंकतात हे आधी पाहायला हवे.

क्लासिक म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या ठरावीक मानाच्या शर्यती. इंग्लंडने ही चौकट घालून दिली: दोन गिनी शर्यती, ओक्स, डर्बी आणि सेंट लेजर. आपल्याकडेही तीच आहे. लेजर पुण्याच्या पावसाळी हंगामात धावते, बाकीच्या चार महालक्ष्मीला. इंग्लंडच्या मूळ सेंट लेजरशी तर बडोद्याच्या गायकवाडांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी २८ हजार गिनींना घेतलेल्या शिंगराचे नाव सयाजीराव ठेवले आणि १९४७ मध्ये त्याने ती शर्यत जिंकली. अमेरिकेत क्लासिक तीन: मे महिन्यात केंटकी डर्बी आणि प्रीकनेस, जूनमध्ये बेलमाँट. तिन्ही एकाच घोड्याने जिंकल्या की ट्रिपल क्राउन.

आघाडीवर राहून जिंकायचे कसब कुठे असते? माझ्या मते ते वेग चोरून कमी करण्यात असते. जपानच्या किक्का शोमधला १९९८ चा विजय याचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. ही तीन हजार मीटरची शर्यत म्हणजे तिथली सेंट लेजर. सगळ्यांचे लक्ष डर्बी जिंकलेल्या स्पेशल वीकवर होते. जॉकी नोरिहिरो योकोयामाने आपल्या सेइउन स्काय या घोड्याला सरळ पुढे काढले. पहिले हजार मीटर ५९.६ सेकंदांत झाले. इतक्या लांब शर्यतीत हा वेग फार होता, तेव्हा हा घोडा शेवटी दमणार असे समजून मागचे निवांत राहिले. दुसऱ्या हजाराला योकोयामाने ६४.३ सेकंद लावले. घोड्याने श्वास घेतला, आणि अंतर कायम असल्यामुळे मागच्यांना ते उमगले नाही. शेवटचे हजार मीटर पुन्हा ५९.३ मध्ये. एकूण ३ मिनिटे ३.२ सेकंद, त्या काळचा जागतिक विक्रम. स्पेशल वीक साडेतीन लेंग्थ, म्हणजे साडेतीन घोड्यांच्या लांबीइतका, मागे राहिला. कित्येक दशकांत ही शर्यत कुणी सुरुवातीपासून पुढे राहून जिंकली नव्हती.

पुढे २०२१ मध्ये टायटलहोल्डर नावाच्या घोड्याने हीच शर्यत याच रीतीने पाच लेंग्थने जिंकली. त्याचे तीन टप्पे ६०.०, ६५.४ आणि ५९.२ सेकंदांचे. पाठीवर होता ताकेशी योकोयामा, नोरिहिरोचा मुलगा. तेवीस वर्षांनी मुलाने वडिलांचा हिशेब जवळजवळ सेकंदासेकंदाने पुन्हा मांडला. हे आकडे शेजारीशेजारी लिहून पाहिले की मला एखाद्या घराण्याची गायकी ऐकल्यासारखे वाटते.

असेच डोक्यात घड्याळ असलेला दुसरा माणूस स्टीव्ह कॉथेन. १९७८ मध्ये अवघ्या अठरा वर्षांच्या कॉथेनने अफर्म्डवरून ट्रिपल क्राउन मिळवला. त्या बेलमाँटमध्ये त्याने आघाडी घेऊन पहिला अर्धा मैल ५० सेकंदांत, म्हणजे अगदी संथ नेला. प्रतिस्पर्धी घोडा अल्यदारने अर्ध्या वाटेत गाठल्यावर दोघे शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून पळाले, आणि जपून ठेवलेल्या दमावर अफर्म्ड थोडक्यात जिंकला. पुढे कॉथेन इंग्लंडला गेला. १९८५ ची एप्सम डर्बी त्याने प्रशिक्षक हेन्री सेसिल यांच्या स्लिप अँकरवरून जिंकली. एप्समचा ट्रॅक अवघड आहे. सुरुवातीला चढ, मग उतार, उतारावरच टॅटनम कॉर्नरचे डावे वळण, आणि पुढची सरळ वाटही एका बाजूला कललेली. तिथे पुढे पळणाऱ्या घोड्याचा तोल आणि दम दोन्ही पणाला लागतात. स्लिप अँकर त्या वळणावर आला तेव्हाच शर्यत संपल्यात जमा होती. दुसरा आलेला लॉ सोसायटी सात लेंग्थ मागे होता. केंटकी आणि एप्सम या दोन्ही डर्बी जिंकणारा कॉथेन हा पहिला जॉकी. दोन वर्षांनी सेसिल यांच्याच रेफरन्स पॉइंटवरून त्याने एप्समला पुन्हा तसाच डाव खेळून डर्बी मिळवली.

एप्समचा २०२० चा निकाल वेगळ्या कारणाने आठवतो. कोविडमुळे डर्बी जूनऐवजी ४ जुलैला झाली, रिकाम्या मैदानावर. सर्पेंटाइन हा घोडा आठवड्यापूर्वी आयुष्यात पहिल्यांदाच जिंकला होता. भाव होता २५ ला १. जॉकी एमेट मॅकनमाराने त्याला पुढे काढले आणि इतर जॉकींनी जाऊ दिले, कारण हा घोडा टिकेल असे कुणाला वाटलेच नाही. तो साडेपाच लेंग्थने जिंकला. त्या दिवशी मागच्यांच्या गाफीलपणाचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवे. पण तो गाफीलपणा हेरून त्याचा पुरेपूर फायदा उठवणे हेही आघाडीच्या जॉकीचेच काम. केंटकीत स्पेंड अ बकने १९८५ मध्ये आणि विनिंग कलर्स या घोडीने १९८८ मध्ये असेच पहिल्यापासून पुढे राहून डर्बी मिळवली. मला त्यांत घोडीचा विजय अधिक प्रिय आहे. शेवटी फॉर्टी नाइनर तिच्या मानेपर्यंत आला, तरी तिने आघाडी सोडली नाही.

या सगळ्या विजयांत कुठेतरी एक श्वास लपलेला आहे. कुठे मधल्या टप्प्यात, कुठे सुरुवातीलाच. ९ जून १९७३ च्या बेलमाँटमध्ये मात्र असा श्वास शोधून सापडत नाही.

सेक्रेटेरियट तांबूस रंगाचा, तीन पाय पांढरे असलेला, रुंद छातीचा घोडा. जन्म व्हर्जिनियातल्या मेडो फार्मवर, ३० मार्च १९७० चा. फार्मचे मालक ख्रिस्तोफर चेनरी आजारी पडल्यावर मुलगी पेनी हिने कारभार हाती घेतला होता. १९७३ च्या जानेवारीत वडील वारले आणि वारसा कराचा मोठा बोजा आला. तो भागवायला घोड्याचे पुढचे पैदाशीचे हक्क ३२ हिश्श्यांत विकले गेले, एकूण ६० लाख ८० हजार डॉलरना. त्या काळी एवढी रक्कम कुणी ऐकली नव्हती, आणि घोडा अजून तीन वर्षांचा म्हणून एकदाही धावलेला नव्हता. एप्रिलमध्ये वुड मेमोरियल शर्यतीत तो तिसरा आला. तोंडात गळू झाले होते हे कारण असले तरी पैसे घातलेल्यांची झोप उडाली असणार. मग मे महिन्यात केंटकी डर्बी सर्वांत मागून येऊन जिंकली, १ मिनिट ५९.४ सेकंदांच्या विक्रमी वेळेत. प्रीकनेसही त्याने सुरुवातीला सर्वांत मागे राहून जिंकली.

बेलमाँटला फक्त पाच घोडे उतरले. १९४८ च्या सायटेशननंतर पंचवीस वर्षे ट्रिपल क्राउन कुणालाच मिळाला नव्हता. अमेरिकेत वॉटरगेटच्या सुनावण्या चालू होत्या, आणि शर्यतीच्या आठवड्यात टाइम, न्यूजवीक आणि स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या तिन्हींच्या मुखपृष्ठांवर हा घोडा होता. शंका एकच होती, पण खरी होती. बाप बोल्ड रुलर वेगवान वंशाचा. त्याची प्रजा दीड मैल टिकत नाही असे जाणकार म्हणत. बेलमाँटचा घेर दीड मैलाचा, त्यामुळे शर्यत म्हणजे पूर्ण एक फेरी. वळणे लांब आणि विस्तीर्ण. दमलेल्या घोड्याला तिथे लपायला जागा नाही.

जॉकी रॉन टरकॉटने या वेळी घोड्याला मागे धरले नाही. आतल्या कठड्यालगत तो पुढे गेला आणि बाहेरून शॅम त्याला भिडला. शॅम केंटकीत आणि प्रीकनेसमध्ये दुसरा आलेला, तोही अव्वल घोडा. दोघांनी पहिला अर्धा मैल ४६.२ सेकंदांत कापला. कॉथेनचे ५० सेकंद आठवा म्हणजे हा वेग किती अघोरी होता ते कळेल. पाऊण मैल १ मिनिट ९.८ सेकंदांत. दीड मैलाच्या शर्यतीत हे आकडे पाहून कुठल्याही शहाण्या माणसाने दोन्ही घोडे कोसळणार असेच म्हटले असते. शॅम खरोखर कोसळला. पाठीमागच्या सरळ वाटेवर तो मागे सरू लागला आणि शेवटी पाचवा, म्हणजे सर्वांत मागे राहिला.

सेक्रेटेरियटचे पाव मैलाचे सहा टप्पे असे: २३.६, २२.६, २३.६, २४.४, २४.८, २५.०. चित्रफितीत तो शेवटच्या वळणावर आणखी वेग घेतो आहे असा भास होतो. मी ती अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी तसेच वाटते. आकडे वेगळे सांगतात. दुसऱ्या टप्प्यानंतर तोही थोडा थोडा मंदावत होता. फक्त बाकीचे त्याच्या कितीतरी पटींनी मंदावत होते. सव्वा मैलाच्या खुणेवर घड्याळ १ मिनिट ५९ सेकंद दाखवत होते. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी केंटकी डर्बीचा विक्रम त्याने जितक्या अंतरावर केला, तेवढे अंतर या वेळी त्याहून लवकर कापून झाले होते आणि पाव मैल अजून बाकी होता. तोही त्याने २५ सेकंदांत पुरा केला. हाच या विजयाचा गाभा. सेइउन स्कायने जिथे श्वास घेतला, तिथे याने घेतला नाही.

शेवटच्या सरळ वाटेत मागे कुणी दिसेना, तेव्हा टरकॉटने मैदानातल्या वेळफलकाकडे मान वळवली. त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे: निळ्या-पांढऱ्या चौकटींचा पोशाख आणि तशीच चौकटींची झापडे. वेळ २ मिनिटे २४ सेकंद. बेलमाँटमधला आधीचा विक्रम गॅलंट मॅनचा होता, १९५७ चा, २ मिनिटे २६.६ सेकंदांचा. दुसरा आलेला ट्वाइस अ प्रिन्स ३१ लेंग्थ मागे होता, म्हणजे सुमारे ७५ मीटर. जिंकणाऱ्याच्या दोन डॉलरच्या तिकिटावर फक्त २० सेंट नफा होता, आणि ५,६१७ विजयी तिकिटे कधी वटवलीच गेली नाहीत. लोकांनी ती आठवण म्हणून घरी ठेवली.

त्यानंतर बेलमाँटच्या दीड मैलाला त्या वेळेच्या जवळ जाणारा ईझी गोअर, १९८९ चा, पूर्ण दोन सेकंद मागे. १९८८ मध्ये सेक्रेटेरियटचा मुलगा रायझन स्टार हीच शर्यत पावणेपंधरा लेंग्थने जिंकला आणि १९९२ मध्ये मुलीचा मुलगा ए. पी. इंडी जिंकला. केंटकीचा विक्रमही अजून त्याच्याच नावावर आहे. प्रीकनेसमधल्या त्याच्या वेळेच्या नोंदीविषयीचा वाद २०१२ मध्ये मिटला आणि १ मिनिट ५३ सेकंद अधिकृत ठरल्यावर तिन्ही विक्रम त्याचे झाले. टरकॉटचे नशीब मात्र कठोर निघाले. १९७८ मध्ये याच बेलमाँटवर घोड्यावरून पडून त्याचे कमरेखालचे शरीर लुळे पडले.

आणि शॅम. त्याच्याविषयी कमी लिहिले जाते याचे मला वाईट वाटते. त्या दिवशी सेक्रेटेरियटला पहिल्या पाऊण मैलात इतके वेगाने पळायला लावले ते त्यानेच. दुसऱ्या क्रमांकासाठी जपून पळाला असता तर तो त्याला बहुधा मिळाला असता. तो जिंकायला पळाला. ती त्याची अखेरची शर्यत. पुढच्याच महिन्यात पायाचे हाड मोडले आणि त्याला निवृत्त करावे लागले. १९८९ मध्ये सेक्रेटेरियट खुरांच्या आजाराने गेला, तेव्हा शवचिकित्सा करणाऱ्या पशुवैद्याने त्याचे हृदय वजन न करताच बाजूला ठेवले. चार वर्षांनी शॅम गेल्यावर त्याच पशुवैद्याने त्याचे हृदय तोलले. ते १८ पौंड भरले, म्हणजे साधारण घोड्याच्या दुप्पट. त्याच्याशी तुलना करून सेक्रेटेरियटचे सुमारे २२ पौंड असावे असा अंदाज त्याने बांधला.