टायर जमिनीवर, गाडी पुढे!

रेसच्या गाडीत कौतुक होतं इंजिनाचं. पण त्याची ताकद रस्त्यावर उतरते टायरमधून, आणि टायरला रस्ता सोडू देत नाही तो शॉकअप. त्याच्या या भन्नाट गोष्टी.

तापट गडी
खड्ड्याचा धक्का झेलते स्प्रिंग. मोकळी सोडली तर ती उसळतच राहील. शॉकअप तिला आवरतो: पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि उसळीची उष्णता होते. म्हणून शर्यतीनंतर त्याला हात लावाल तर चटका बसेल.

फेस नको, दाब हवा
पिस्टनचा दांडा जोरात हलला की तेल फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. एकाच नळीच्या ‘मोनोट्यूब’ शॉकअपमध्ये यावर उपाय म्हणजे नायट्रोजनचा दाब. वायू आणि तेल यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो. कल्पना फ्रेंच इंजिनिअर द कार्बों यांची. बिलस्टाइनचे असे शॉकअप १९५७ मध्ये मर्सिडीजला लागले.

डोकं खाली, पाय वर
मोनोट्यूब उलटा बसवता येतो. जड नळी चॅसिसकडे गेली की चाकाबरोबर हलणारं वजन घटतं. साधा, दोन नळ्यांचा ट्विन-ट्यूब मात्र उलटा केला की हवा व्हॉल्व्हमध्ये शिरते.

तिरकेपणाची किंमत
शॉकअप ३० अंश कलला की चाकाला मिळणारं डॅम्पिंग (उसळी आवरणारा विरोध) पाव भागाने घटतं, ४५ अंशांवर ते निम्मंच उरतं. चाकाच्या निम्मं अंतरच तो हलत असेल, तर उरतं फक्त एक चतुर्थांश! म्हणून आधी बसवायची जागा मोजायची, मग शॉकअप निवडायचा.

कडक म्हणजे वेगवान?
मुळीच नाही. रिबाउंड (दाबलेला शॉकअप परत लांब होतानाचा विरोध) फार कडक केला, तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाकाला परत खाली यायला वेळ पुरत नाही आणि गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते. स्प्रिंग बदलली की शॉकअपचं सेटिंगही बदलायचं.

नावात चकवा
२००५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत मॅक्लारेनने केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांचा ‘इनर्टर’ हा सस्पेन्शनमधला, शॉकअपहून वेगळा भाग गुपचूप वापरला आणि किमी रायकोनेन जिंकला. प्रतिस्पर्ध्यांची दिशाभूल व्हावी म्हणून त्याला नाव दिलं ‘जे-डॅम्पर’; डॅम्पर म्हणजे शॉकअप. २०२२ पासून फॉर्म्युला वनमध्ये इनर्टरला बंदी आहे.

शॉकअपच नाही!
कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर धावणाऱ्या गो-कार्टला ना स्प्रिंग, ना शॉकअप. तिथे चॅसिसच वाकते आणि वळणावर आतलं मागचं चाक उचलते.

क्लिक मोजा, वहीत लिहा
अ‍ॅडजस्टर (सेटिंग बदलायची कळ) आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा, मग तिथून क्लिक मोजत उघडायचा. जोर लावला तर आतली सुई खराब होते.

शर्यतीनंतरची पाहणी
दांडा पुसा. त्यावर चरा दिसला तर तो सील फाडणार. सीलपाशी तेलाचा ओलावा, रॉड-एंडमध्ये (टोकाच्या सांध्यात) खेळ, वाकलेला दांडा, सगळं तपासा. उघडण्याआधी वायूचा दाब काढायलाच हवा, नाहीतर जिवावर बेतेल.

जोडी जुळवा
एकाच बनावटीच्या दोन नव्या शॉकअपमध्येही थोडा फरक असू शकतो. जाणकार टीम दोन्ही डायनोवर (चाचणी यंत्रावर) चालवते, वेग आणि जोर यांचे आलेख एकमेकांवर ठेवते आणि ते जुळेपर्यंत शॉकअप गाडीला लावत नाही.