उंबरठ्यावरची लढाई

पोलिओ दरवर्षी सुमारे साडेतीन लाख बालकांना पंगू करीत असता, १९८८ मध्ये त्याच्या उच्चाटनाचा जागतिक संकल्प झाला. रोटरीचे स्वयंसेवक १९८५ पासूनच या कार्यास लागले होते. भारतातील अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. हे श्रेय एकट्या लशीचे नव्हे. उत्तर प्रदेशात अफवांमुळे बंद झालेली दारे उघडली, ती त्याच वस्तीतील स्त्रियांच्या आणि मौलवींच्या शब्दाने. पाकिस्तान व अफगाणिस्तानात विषाणू अद्याप तग धरून आहे. पाकिस्तानात तर लस पाजणाऱ्यांचे बळीही गेले आहेत. विषाणू सीमा जुमानीत नाही. म्हणूनच ‘आता कुठला पोलिओ?’ असे म्हणून दारी आलेल्या स्वयंसेविकेला परत पाठविणे आपल्याला परवडणारे नाही.