शब्दांच्या आडून

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिननजीक वान्झे सरोवराच्या काठी एका बंगल्यात नाझी राजवटीचे पंधरा बडे अधिकारी जमले होते. विषय होता युरोपातील ज्यूंच्या संहाराचा. परंतु बैठकीच्या वृत्तांतात 'ठार मारणे' हे शब्द शोधूनही सापडत नाहीत. सापडतात ते 'पूर्वेकडे स्थलांतर' आणि 'अंतिम तोडगा'! सरकारी कागदांत हत्येचे नाव 'विशेष वागणूक' असे होते. १९४३ मध्ये हिमलरने एका अहवालातून तेही वगळावयास लावले. उघड शब्दांत सांगितले असते तर ज्या कामाने कारकुनाचा हात थरथरला असता, ते काम असल्या शब्दांच्या आडून बिनबोभाट पार पडते.

ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांना ज्यू म्हणून पदच्युत करण्यात आले. जीव मुठीत धरून ते रोजनिशीत या भाषेच्या नोंदी करीत राहिले. १९४७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. 'माथेफिरू' हे पूर्वी दूषण होते, ते नाझी राज्यात भूषण कसे झाले, हे त्यांनी दाखविले. अधिक विदारक गोष्ट ही की, राजवटीचे विरोधकही नकळत तिचेच शब्द बोलू लागले होते.

हा एकट्या जर्मनीचा दोष म्हणून हात झटकता येणार नाहीत. १९९४ साली रवांडात एक नभोवाणी केंद्र तुत्सी लोकांना 'झुरळे' म्हणत होते, आणि त्यांच्या कत्तलीला 'काम'! सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. केंद्राच्या संस्थापकांपैकी दोघांना आंतरराष्ट्रीय न्यायासनाने शिक्षा ठोठावली, ती २००३ मध्ये. कायदा आला, पण प्रेते पुरल्यानंतर.

तीव्र भाषा आम्हांस वर्ज्य नाही. अन्यायाविरुद्ध ती वापरावीच लागते. प्रश्न एवढाच की, शब्द सत्य उघड करतो की झाकतो? प्रतिपक्षाला तो माणूस राहू देतो काय? या कसोटीतून आम्ही वृत्तपत्रकारही सुटत नाही. अतिरेक्यांनी घडविलेला शब्द मथळ्यात जसाच्या तसा छापला की, त्यांचे निम्मे कार्य आम्हीच केलेले असते. म्हणून हत्येला हत्या आणि माणसाला माणूस म्हणण्याचा आग्रह आम्ही लेखणीने धरला पाहिजे आणि वाचकांनी बोलण्यात. हा आग्रह शांततेच्या दिवसांतच धरावयाचा असतो. पुढे तो धरण्याची मुभाही उरत नाही.