कागदाला कागदाचेच ठिगळ

स्पीकरच्या काठाची फोमची कडी बदलण्याचे गेल्या खेपेस कबूल केलेले प्रकरण तूर्त तहकूब ठेवावे लागत आहे, आणि त्याला कारण चिपळूणहून आलेले एका वाचकांचे पत्र. त्यांच्या मोटारीच्या डाव्या दारातला साडेसहा इंची स्पीकर फरफरू लागला. जाळी काढून पाहतात तो कागदी कोन बोटाच्या पेराएवढा फाटलेला. एका हितचिंतकाच्या सल्ल्याने त्यांनी त्यावर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ सोल्यूशनने डकवले, तेव्हा फरफर गेली आणि तिच्या जागी घरघर आली. ही कैफियत मांडून ते काहीशा त्राग्याने विचारतात, की ज्या वस्तूच्या नशिबी कोकणातला पाऊस, ती मुळात कागदाची करावीच कशाला?

प्रश्न त्राग्याचा असला तरी मार्मिक आहे. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा सिद्ध केला, तेव्हा त्यांचाही कोन कागदाचाच होता. पुढे ॲल्युमिनियम आले, पॉलिप्रॉपिलीन आले, तरी कागदाची वतनदारी अद्याप खालसा झालेली नाही. पितळी तबकावर टिचकी मारली तर नाद रेंगाळत राहतो, पुठ्ठ्यावर मारली तर 'टप्' होऊन तिथल्या तिथे जिरतो. वजनाच्या मानाने ताठपणा, आणि स्वतःचा सूर मध्येच न घुसडण्याचा हा विनय, असे दोन्ही गुण एवढ्या स्वल्प किमतीत दुसऱ्या कोणत्या द्रव्यात क्वचितच सापडतात.

आता ट्यूबच्या ठिगळाचा अपराध पाहू. लहानपणी संक्रांतीच्या सुमारास फाटलेला पतंग आम्ही ताटातल्या भाताच्या शितांनी सांधत असू. ठिगळ जड झाले की पतंग त्या अंगाला कलंडे, आणि मग दुसऱ्या टोकाला चिंधीची कन्नी बांधून त्याचा तोल सावरावा लागे. पतंगाला आभाळ मोकळे असते, म्हणून त्याला कन्नी चालते. कोनाच्या मुळाशी असलेल्या कॉईलला मात्र चुंबकाच्या खाचेत कोणत्याही अंगाला अर्ध्या मिलिमीटरचीही मोकळीक बहुधा नसते. साडेसहा इंची स्पीकरचा कोन आणि कॉईल मिळून हलणारा सारा संसार जेमतेम दहा-वीस ग्रॅमांचा. त्यात एका बाजूस रबराचा बोजा पडला की कोन कलतो, कॉईल खाचेच्या भिंतीला घासते, आणि तीच ती घरघर. दोन अंगठे कोनावर समोरासमोर ठेवून हलकेच आत दाबावे. वाळू घासल्यासारखे काही जाणवले, तर निदान पक्के समजावे.

तेव्हा रबर सावकाश सोडवून काढावे. कागद पूर्ण वाळला की चहाच्या पिशवीचा कागद किंवा टिश्यूचा एकच पदर घेऊन त्याचा तुकडा कात्रीने न कापता हाताने फाडावा. विसविशीत कडा मूळ कागदात मिसळून जाते, कापलेली कडा बांध घातल्यासारखी उभी राहते. पांढऱ्या फेविकॉलात निम्मे पाणी घालून, फाटलेल्या कडा जुळवून, मऊ कुंचल्याने हा तुकडा आधी मागून आणि गरज भासलीच तर पुढूनही बसवावा, व एक अहोरात्र स्पीकर आडवा ठेवावा. झटपट चिकटणाऱ्या द्रावणाच्या नादी लागू नये: ते काचेसारखे कडक होते आणि फाट त्याच्याच कडेने पुन्हा पुढे सरकते. (प्लास्टिकच्या कोनाला हा इलाज लागू नाही, त्याला फेविकॉल धरतच नाही.)

एवढ्याने कागद सांधेल, फिर्याद मात्र मिटणार नाही. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात उतरणारच, आणि तळाच्या छिद्रांतून ते बाहेर जावे अशीच रचना असते. त्या पाण्यापासून आतल्या बाजूचा बचाव करण्यासाठी पॅनेलमागे एक प्लास्टिकचा पडदा डकवलेला असतो. काचेच्या दुरुस्तीसाठी कारागीर तो ओरबाडून काढतात आणि तसाच लोंबता ठेवून पॅनेल दाबून बसवतात. आमच्या पत्रलेखकांनी दोन वर्षांपूर्वी काच दुरुस्त करून घेतल्याचे पत्राच्या समासात जाता जाता लिहिले आहे! पडदा जागेवर चिकटवल्यावाचून त्यांनी पॅनेल बंद करू नये. फोमची कडी माझ्या मेजावर भुगा होऊन पडलीच आहे. आणखी एका आठवड्याने तिचे अधिक काही बिघडेल, असे वाटत नाही.